दिसणारीं नामें आणि न दिसणारीं नामें

व्याकरण हा विषय शाळेच्या शेवटच्या परीक्षेबरोबर संपतो, अशी पुष्कळांची समजूत असते. नामाचे प्रकार किती, असें विचारल्यास चाळिशी उलटलेला गृहस्थही ‘सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम’ असें एका दमांत म्हणून दाखवितो, आणि लगेच हंसून सांगतो कीं, या पाठांतराचा जन्मांत कधीं उपयोग झाला नाहीं. हें म्हणणें खरें नाहीं. या तीन प्रकारांपैकीं तिसऱ्याचा उपयोग प्रत्येक माणूस रोज करीत असतो. इतकेंच नव्हे, तर घरांतील, सोयरिकींतील आणि कोर्टकचेरींतील पुष्कळ तंट्यांचें मूळ शोधूं गेल्यास तें एखाद्या भाववाचक नामाचा अर्थ कोणी काय घेतला, यांतच सांपडतें.

प्रथम व्याख्या पाहूं गेल्यास ती कठीण नाहीं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ १८३६ सालीं प्रसिद्ध झालें आणि मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं बाहेर पडलें. या परंपरेंतून शाळांत जें शिकविलें जातें त्याचा आशय असा: ज्याच्या अंगीं कांहीं गुण राहतात तो पदार्थ ‘धर्मी’, आणि त्याच्या अंगचा गुण, स्थिति किंवा क्रिया हा त्याचा ‘धर्म’. घोडा हा धर्मी, चपळाई हा त्याचा धर्म. घोडा तबेल्यांत बांधतां येतो. त्याची चपळाई सोडवून दुसऱ्या खुंटाला बांधतां येत नाहीं. मनानें मात्र ती वेगळी काढतां येते आणि तिला नांव देतां येतें. असें मनानें वेगळ्या काढलेल्या धर्माचें नांव तें भाववाचक नाम.

अशीं नांवें पाडण्याची टांकसाळ फार जुनी आहे. संस्कृतांतील ‘त्व’ आणि ‘ता’ या दोन प्रत्ययांची व्यवस्था पाणिनीनें एकाच सूत्रांत लावून दिली. मराठीनें ते दोन्ही घेतले, ‘गिरी’ हा प्रत्यय फारशीकडून घेतला, आणि पण, पणा, वा, आई, की अशांचा मोठा संसार मांडला. प्रत्यय बदलला कीं व्यवहारही बदलतो. ‘गोड’ या एका विशेषणापासून गोडी आणि गोडवा हे दोन शब्द झाले. पण वाचनाची लागते ती गोडी, आणि गळ्यांत असतो तो गोडवा. ‘मोठेपण’ वयाबरोबर आपोआप येतें. ‘मोठेपणा’ कोणी दाखवितो, तर कोणी मिरवितो. ही निवड करतांना कोणीही व्याकरणाचें पुस्तक उघडून पाहत नाहीं, आणि तरीही ती क्वचित्‌च चुकते.

मुलांना समजावें म्हणून शाळेंत एक सोपी खूण सांगतात: हाताला लागतें तें वस्तूचें नांव, आणि हाताला लागत नाहीं तें भावाचें. ही खूण फार दूर नेत नाहीं. वारा डोळ्यांना दिसत नाहीं आणि सावली मुठींत धरतां येत नाहीं, म्हणून हे दोन शब्द कांहीं भाववाचक होत नाहींत. उलट ‘चोरी’ हा शब्द पाहावा. चोर हें सामान्यनाम आणि चोरी हें भाववाचक, असें प्रत्येक मुलाच्या वहींत असतें. परंतु ज्याचें घर फुटलें, त्याच्या दृष्टीनें चोरी म्हणजे भिंतीला पाडलेलें भगदाड, उघडी पडलेली पेटी आणि तींतून गेलेल्या बायकोच्या पाटल्या. पोलीस ठाण्याच्या नोंदवहींत महिन्यांतील चोऱ्यांची मोजदाद होते. आणि जें मोजतां येतें त्याला निराकार म्हणणें अवघड आहे. ‘चोरी करणें पाप आहे’ या वाक्यांत तो शब्द भाव सांगतो. ‘काल वाण्याकडे चोरी झाली’ या वाक्यांत तोच शब्द एक घडलेली गोष्ट सांगतो. तात्पर्य, भाववाचक किंवा वस्तुवाचक हें शब्दाच्या कपाळावर लिहिलेलें नसतें. वाक्यांत त्याला कोणत्या कामाला लाविलें आहे, त्यावरून तें ठरतें.

मराठी बोलणारा माणूस तर भावांना फार वेळ निराकार राहूंच देत नाहीं. त्यांना तो पाय देतो, वजन देतो, आणि घरांत जागाही देतो. राग येतो आणि जातो. मोठ्यांपुढें तो गिळावा लागतो, आणि गिळतां आला नाहीं तर तो धाकट्यावर काढला जातो. धीर देतां येतो, धरतां येतो. तो सुटतो आणि खचतो. अब्रू राखतात, झांकतात, आणि वैरी ती वेशीवर टांगतात. शब्द देतात, पाळतात, फिरवितात आणि प्रसंगीं खालींही पडूं देत नाहींत. वेळ काढतात, घालवितात आणि मारूनही नेतात. हीं सर्व क्रियापदें एरव्हीं हातांनीं उचलण्याच्या वस्तूंना लागतात.

यांत वाक्यरचनेचीही एक मौज आहे. ‘त्याला राग आला’, ‘तिला भूक लागली’, ‘मुलाला थंडी वाजली’ या वाक्यांत कर्ता कोण, असें विचारल्यास राग, भूक आणि थंडी हींच उत्तरें येतात. माणूस ‘ला’ हा प्रत्यय घेऊन बाजूला बसलेला असतो, आणि भाव हा पाहुण्यासारखा चालून त्याच्याकडे येतो. लिंगाचीही तीच कथा. रागाला मिशा नाहींत आणि लाजेला पदर नाहीं. तरी राग पुल्लिंगी, लाज स्त्रीलिंगी आणि प्रेम नपुंसकलिंगी. भाववाचक नामांचें अनेकवचन होत नाहीं, असा नियम पुस्तकांत असतो. परंतु हाल, कष्ट, लाड आणि आभार हे शब्द अनेकवचनींच चालतात. ‘त्याचा हाल झाला’ असें कोणी म्हणत नाहीं. हाल होतात ते नेहमीं पुष्कळच होतात.

जें भावांचें, त्याच्या उलट वस्तूंचें. डोळ्यांना दिसणारी साधी वस्तु रोजच्या बोलण्यांत एखादा मोठा भाव उचलून चालते. नाक हा चेहऱ्याचा एक अवयव. पण मुलानें परीक्षेंत नांव काढलें कीं बापाचें नाक वर होतें, आणि भर सभेंत फजिती झाली कीं तेंच कापलें जातें, आणि रक्ताचा थेंबही न सांडतां. पाणी हें तहान भागविणारें; पण तलवारीचें पाणी, मोत्याचें पाणी आणि माणसाचें जोखलेलें पाणी हीं तीन पाणीं कोणत्याही घागरींत भरतां येत नाहींत. मीठ भाजींत पडतें, आणि इमानी चाकर खाल्ल्या मिठाला जागतो. ‘सगळें करावें लागतें तें पोटासाठीं’ असें मजूर म्हणतो, तेव्हां त्या एका शब्दांत त्याची बायको, मुलें आणि म्हातारी आई हीं सर्व बसलेलीं असतात.

या सर्वांत ‘चूल’ हा शब्द विशेष पाहण्यासारखा आहे. तीन दगड किंवा मातीचा उंचवटा, एवढीच ही वस्तु. परंतु ‘भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या’ असें गांवांत कोणी सांगितलें, तर ऐकणारा दगड मोजीत बसत नाहीं; त्याला घर फुटल्याचें कळतें. सर्व घराला जेवणाचें बोलावणें असेल तर तें ‘चूलबंद’ बोलावणें. आणि हें केवळ खेडवळ बोलणें आहे असेंही नाहीं. ‘कुटुंब’ कशाला म्हणावें, हा प्रश्न भारताच्या जनगणनेंतही येतो. तेथें नात्याची लांबलचक मीमांसा न करतां, सामान्यतः एकत्र राहणारीं आणि एकाच स्वयंपाकघरांतील अन्न जेवणारीं माणसें तें एक कुटुंब, अशी खूण गणकाला दिलेली असते. कुटुंब या न दिसणाऱ्या गोष्टीची हद्द ठरविण्यास सरकारलाही अखेर चुलीपाशींच यावें लागलें.

मनुष्याचें मन असें वस्तूकडे कां धांवतें, याचा विचार मानसशास्त्रज्ञांनींही केला आहे. कॅनडांतील अ‍ॅलन पेव्हिओ यांनीं १९७१ सालच्या आपल्या ग्रंथांत अशी उपपत्ति मांडली कीं, ज्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढें चित्र उभें राहतें, त्याची मनांत दुहेरी नोंद होऊं शकते: एक शब्द म्हणून आणि एक चित्र म्हणून. म्हणून असा शब्द अधिक सहज आठवतो. घरांतल्या घरांत हा प्रयोग कोणालाही करून पाहतां येईल. कंदील, विळी, गाढव, छत्री, नारळ, खाट हे सहा शब्द एकदां वाचून दाखवावे, आणि कांहीं वेळानें औचित्य, संदर्भ, हेतु, सातत्य, तत्त्व, प्रमाण हे सहा वाचून दाखवावे. बहुतेकांना पहिल्या यादींतील शब्द अधिक आठवतील.

आतां, मनाला चित्र हवें असतें. पण भाववाचक नाम स्वतः तें पुरवीत नाहीं. मग ऐकणारा आपल्या पदरचें चित्र त्याला जोडतो. बोलणाऱ्यानें दुसरेंच जोडलेलें असतें. शब्द एकच असल्यामुळें दोघांचें एकमत झालें असें दोघांनाही वाटतें. आणि खरा अनर्थ होतो तो येथेंच.

‘मान’ हा शब्द घ्यावा. मराठेशाहींत गांवच्या पाटलाचा अधिकार ती पाटीलकी. व्याकरणाच्या हिशेबीं हें भाववाचक नाम. पण ती वडिलोपार्जित मालमत्ता होती. ती विकत दिल्याचे आणि तिचे हिस्से वांटून घेतल्याचे कागद जुन्या दप्तरांत आहेत. तिच्याबरोबर मान असे, आणि तो मान म्हणजे होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला पहिला बैल कोणाचा, विडा आधीं कोणाच्या हातांत पडावयाचा, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. या गोष्टींवरून डोकीं फुटत. महाराष्ट्रांतील वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें संपली. तथापि मानाचे तंटे तिच्याबरोबर संपले असें म्हणतां येणार नाहीं. या तंट्यांत निदान एवढें तरी बरें असे कीं, पोळी कोणाची आणि बैल कोणाचा, हें सर्वांना दिसत असे.

लग्नाच्या बैठकींत तेंही दिसत नाहीं. वरपक्षाचे वडीलधारे गृहस्थ सुपारी कातरतां कातरतां म्हणतात, ‘आमची मागणी कांहीं नाहीं. तुम्ही आमचा मान तेवढा राखा म्हणजे झालें.’ मुलीच्या बापाला हें ऐकून गहिंवरून येतें. मान म्हणजे सोयऱ्यांना सामोरें जाणें, पाय धुण्यास पाणी देणें, पहिल्या पंक्तीला बसविणें आणि निघतांना नारळ-उपरणें हातीं देणें, हें चित्र त्याच्या मनांत उभें असतें. वरपक्षाच्या मनांत मात्र त्याच शब्दांत पोशाख, अंगठी, भांड्यांचा संच आणि कदाचित् एखादी मोटारसायकलही बसलेली असते. ‘हौस’ आणि ‘रीत’ हे त्याच शब्दाचे सोबती. पुढें मान राहिला नाहीं अशी तक्रार सुरू होते, आणि तिची झळ बैठकींत बसलेल्या कोणाही पुरुषाला न लागतां नव्या सुनेला लागते.

हुंडा देण्याघेण्यास आणि मागण्यास १९६१ च्या कायद्यानें बंदी आहे. कायदा मालमत्ता आणि मौल्यवान रोखे यांसारख्या मोजतां येणाऱ्या गोष्टींची भाषा बोलतो. पूर्वीं लग्न ठरलें कीं दोन्ही पक्षांच्या याद्या होत; काय द्यावयाचें आणि काय घ्यावयाचें तें कागदावर उतरे. कायदा झाल्यावर पुष्कळ ठिकाणीं ती यादी कागदावरून उठली आणि ‘मान’ या दोन अक्षरांत जाऊन बसली. मागणारा हात झांकण्यास भाववाचक नामासारखें दुसरें उपरणें नाहीं. कारण ‘मान’ मागितला म्हणून कोणावर फिर्याद होत नाहीं.

याच्या उलट दिशेचें, म्हणजे भाव वस्तूपर्यंत आणून पोंचविल्याचें, एक मोठें उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे. ‘विटाळ’ हें भाववाचक नाम. त्याला रंग नाहीं, वजन नाहीं. पण त्याच्या नांवानें शेंकडों वर्षें कोट्यवधि माणसांना पाणवठ्यापासून दूर ठेविलें गेलें. १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांच्या ठरावावरून मुंबईच्या कायदेमंडळानें सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्या, असें ठरविलें. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळ्याविषयीं तसा ठराव केला. हक्क मिळाला, म्हणजे एक भाववाचक नाम कागदावर उमटलें. त्या हक्कानें कोणाची घागर भरली नाहीं.

२० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारों लोक परिषदेच्या मंडपांतून निघून तळ्यावर गेले आणि ओंजळीनें पाणी प्याले. ‘हक्क’ या शब्दाचा अर्थ त्या दिवशीं प्रथम डोळ्यांना दिसला. विरोधकांनींही तो अचूक ओळखिला. त्यांनीं परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला, आणि पुढें शेण, गोमूत्र, दूध आणि दहीं यांनीं भरलेलीं १०८ मडकीं तळ्यांत ओतून त्याची ‘शुद्धि’ केली. विटाळ आणि शुद्धि या दोन न दिसणाऱ्या शब्दांना त्या मडक्यांनीं आकार दिला. तळ्याचा वाद कोर्टांत गेला. तेथें भांडण होतें ‘वहिवाट’ या आणखी एका भाववाचक नामाचें. तशी पुरातन वहिवाट असल्याचें सिद्ध झालें नाहीं, आणि १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूनें लागला.

२६ जानेवारी १९५० रोजीं भारताची राज्यघटना अमलांत आली. तिच्या सतराव्या कलमानें ‘अस्पृश्यता’ नष्ट केली; पण अस्पृश्यता म्हणजे काय, याची व्याख्या घटनेंत दिलेली नाहीं. ज्याला भोगावी लागली त्याला व्याख्येची गरज नव्हती, हें खरें. परंतु न्यायाधीशापुढें उभें राहणाऱ्याला कांहीं दाखवावें लागतें. म्हणून १९५५ सालीं अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयींचा कायदा झाला, आणि त्यांत त्या एका भाववाचक नामाच्या ठिकाणीं वस्तु आल्या: देऊळ, विहीर, तळें, नळ, नदीचा घाट, स्मशान, रस्ता, दुकान, दवाखाना, आणि खाणावळींत सर्वांसाठीं ठेविलेलीं भांडीं. यांपासून कोणाला अस्पृश्यतेच्या कारणावरून अडविणें हा गुन्हा ठरला. १९७६ सालीं या कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असें नांव मिळालें. अस्पृश्यता पाळीत नाहीं असें म्हणणें सोपें होतें; कपबशी वेगळी ठेवीत नाहीं, हें दाखवून द्यावें लागतें.

याचा अर्थ भाववाचक नामें टाकाऊ आहेत, असा मात्र नव्हे. महाडला जमलेल्यांना केवळ तहान लागली असती, तर ती दुसऱ्या पाण्यानेंही भागली असती. तळ्यावर जाणें हें केवळ पाण्यासाठीं नसून समता प्रस्थापित करण्यासाठीं आहे, हें आंबेडकरांनीं त्याच वर्षाच्या डिसेंबरांतील परिषदेंत स्पष्ट सांगितलें. समता हा शब्द नसता, तर तळ्याचें भांडण तळ्यापाशीं, देवळाचें देवळापाशीं आणि शाळेचें शाळेपाशींच राहिलें असतें. हीं सर्व भांडणें एकच आहेत, हें समजण्यास एक न दिसणारें नांवच लागतें. शिवाय यादी कितीही लांब केली, तरी एखादी गोष्ट तिच्या बाहेर राहतेच. खाणावळींतील भांडें यादींत आलें. घरीं आलेल्याला पाणी कोणत्या पेल्यांतून दिलें, हें कोणती यादी पाहणार? तेथें यादीमागें उभा असलेला भावच उपयोगी पडतो.

तेव्हां भाववाचक आणि वस्तुवाचक हीं दोन नामें एकमेकांचीं वैरी नाहींत. तीं रहाटाच्या दोन बाजूंसारखीं आहेत. एक भरून वर येतें तें दुसरें खालीं गेलें म्हणून. व्यवहारांत सावध राहण्यास यांतून दोन साधे प्रश्न हातीं लागतात. कोणी मान, न्याय, सोय, त्याग किंवा आपलेपणा असा शब्द उच्चारला, तर त्याला नम्रपणें विचारावें कीं, हें घरांत, रस्त्यावर किंवा जेवणाच्या पानावर कसें दिसेल? आणि कोणी नुसती वस्तूंची यादी वाचूं लागला, तर विचारावें कीं, हें सर्व कशासाठीं? पहिल्या प्रश्नाला जो उत्तर देऊं शकत नाहीं, त्याचा शब्द पोकळ असतो किंवा त्यांत कांहींतरी लपविलेलें असतें. दुसऱ्याला जो उत्तर देऊं शकत नाहीं, त्याची यादी कितीही पुरी असली तरी तिचा उपयोग होत नाहीं.

लग्नाच्या बैठकींत मुलीच्या बापानें पहिला प्रश्न विचारण्यास संकोचूं नये. ‘मान म्हणजे काय काय, तें एकदां सांगावें,’ एवढें त्यानें साखर वांटण्याआधीं म्हणावें. ज्यांच्या मनांत नारळच आहे ते नारळ म्हणतील. ज्यांच्या मनांत दुसरें कांहीं आहे ते गप्प बसतील. आणि त्या गप्प बसण्यावरून बापाला जें कळावयाचें तें लग्नाआधींच कळेल.